भिंगाची डबी आणि प्लास्टिकचे बारा किडे : आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात गोखले रोडवरच्या एका दुकानातून लेकीसाठी हा संच घेतला. तेव्हा ती चार वर्षांची व्हायची होती. आत प्लास्टिकचे बारा किडे, झाकणालाच भिंग असलेली पारदर्शक डबी आणि एक चिमटा. किंमत साडेचारशे. आता जानेवारी संपत आलाय. डबी अजून रोज बाहेर निघते, किडे मात्र टोपलीच्या तळाशी गेलेत.

पाकिटावर ‘12 कीटक’ असं छापलंय. त्यातले कोळी, विंचू आणि गोम हे कीटक नाहीतच. आधी चिडले, पण आमचा पहिला चांगला खेळ त्यातूनच निघाला. दोन ताटल्या मांडायच्या आणि पाय मोजायचे. सहा पायवाले एकीत, आठ पायवाले दुसरीत. लेक सुरुवातीला एकच पाय दोनदा मोजायची, आठवड्याभरात प्रत्येक पायावर बोट ठेवून मोजायला लागली. गोम आली की खेळ अडायचा. शेवटी तिनेच स्वयंपाकघरातून एक वाटी आणली आणि म्हणाली, “हिचं घर वेगळं.”

खरी खटकणारी चूक वेगळी आहे. या संचातल्या कोळ्याचे पाय पोटातून फुटलेत. कोळ्याच्या शरीराचे भाग दोन, आणि आठही पाय पुढच्या भागाला. मुंगीचे भाग तीन, सहाही पाय मधल्या भागाला. हे मी पोळ्यांच्या कणकेवर दाखवलं. तीन गोळ्यांची मुंगी, दोन गोळ्यांचा कोळी आणि पायांना कच्च्या शेवया. दोन सकाळी पोळ्यांना उशीर झाला, पण तेव्हापासून ती चित्रातही पाय योग्य जागी काढते.

जूनमध्ये मुरबाडला आईकडे गेलो होतो. पहिल्या पावसानंतर अंगणात मखमली लाल मृगाचे किडे निघाले होते. एक डबीत घेतला. लेकीने दोनदा मोजलं आणि ओरडली, “आजी, हा आठवाला आहे!” नावात किडा असला तरी तो कोळ्यांच्याच नात्यातला. आईने हा किडा जन्मभर बघितलाय, पण पाय त्या दिवशी पहिल्यांदा मोजले.

कोळ्याची भीती मात्र प्लास्टिकने गेली नाही. ती घालवली सुतळीने. सासूबाईंचं लहानपण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं, त्यामुळे आमच्या घरात कोळी म्हटलं की आधी खाडीत जाळं टाकणारा कोळी आठवतो. तोच धागा धरला. चार खुर्च्यांना सुतळ्या बांधून मधे एक गाठ मारली. लेक डोळे मिटून गाठीवर बोटं ठेवते, आम्ही एखादी सुतळी हलकेच छेडतो, आणि माशी कुठल्या बाजूला अडकली ते तिने सांगायचं. जाळं विणणाऱ्या बऱ्याच कोळ्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, शिकार त्यांना धाग्याच्या थरथरीवरून कळते. भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या छोट्या कोळ्याचं उलट आहे. तो जाळ्यावर अवलंबून नसतो, नजर तीक्ष्ण असते. डबीखाली त्याचे पुढचे दोन मोठे डोळे दिसले तेव्हा लेक कुजबुजली, “तो मला बघतोय.” हल्ली सासूबाई जळमटं काढायला केरसुणी उचलतात तेव्हा आधी परवानगी घ्यावी लागते.

सर्वांत जास्त दिवस आम्हाला कढीपत्त्याच्या कुंडीने दिले. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं, मी पुसायला गेले तर ते हललं. लाइम फुलपाखराची अळी होती. मोठी होऊन हिरवी झाल्यावर लेकीने पाय मोजले तर सोळा! पुढचे सहा खरे, मागचे दहा पकडीपुरते, हे तिला पटायला दोन दिवस लागले. अळीने कमरेला रेशमाचा धागा बांधून कोष केला आणि अकराव्या दिवशी फुलपाखरू बाहेर आलं. मग ऑक्टोबरमध्ये घोडबंदरच्या ओवळेकर वाडीत, फुलपाखरांच्या बागेत गेलो. तिथे ती फुलपाखरांइतकीच पानांच्या मागच्या बाजूला अळ्या शोधत होती. आमच्याकडे आता कढीपत्त्याच्या दोन कुंड्या आहेत, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी.

डबीबद्दल. भिंगावर तीन महिन्यांत ओरखडे आले, कारण मी ते कोरड्या फडक्याने पुसत होते. पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावं. उन्हात डबी भराभर तापते. एकदा गॅलरीत विसरली आणि आतली मुंगी मेली, लेक खूप रडली. तेव्हापासून नियम केलाय: डबी सावलीतच ठेवायची, आणि घड्याळाचा मोठा काटा एक घर पुढे गेला की जिथून आणलं तिथेच सोडायचं. चिमटा वापरूच नका, पाय तुटतात. पाहुण्याला रंगाच्या ब्रशने पानावर घ्यावं. केसाळ सुरवंट, मधमाशी आणि गांधीलमाशी लांबूनच बघायची, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी नुसती भिंगाची डबी घेईन. पूर्ण संचच घेणार असाल तर पैसे देण्याआधी कोळी उलटा करून त्याचे पाय कुठून निघालेत ते बघा.