बारमाही फुलांच्या नावाखाली सहा काड्या

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या लातूरच्या गल्ल्यांतून रोपांचे टेंपो फिरायला लागतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक फाटकाशी थांबला. नव्या घरापुढचं अंगण मोकळं होतं आणि माझं एकच खूळ, वर्षभर फूल दिसलं पाहिजे. माणूस बोलायला गोड. "काकू, बारा महिने बहर, पाणीबी कमी लागतंय," म्हणत त्यानं अल्बम उघडला. शाईसारखी निळी जास्वंद, ताटाएवढे निळे हायड्रेंजिया, लालभडक एक्झोरा. शिवाय टेंपोतल्या रोपांवर खरीखुरी फुलं होती. तिथंच मी फसले. नगाला 400 सांगत होता, घासाघीस करून सहा रोपं 2,100 ला घेतली. वर पराक्रम केल्यासारखा यांना फोन.

चारच दिवसांत हायड्रेंजियांनी माना टाकल्या. पाणी वाढवलं, गोणपाटाची सावली केली. दहाव्या दिवशी एक ओढून पाहिलं तर अलगद हातात आलं. सुतळीनं आवळलेला लाल मातीचा गोळा आणि आत तिरकी कापलेली फांदी. मूळ म्हणावं असा एक तंतू नाही! बहरलेली फांदी तोडून ओल्या चिखलात खोचली की विकण्यापुरती ताजी दिसते. सहांपैकी चार अशीच निघाली. त्यानं दिलेला नंबर बंद.

उरलेल्या दोघांना मुळं होती. निळी म्हणून घेतलेली जास्वंद माहेरच्या परसातल्यासारखी साधी लाल फुलली. जास्वंदाला जांभळट छटा मिळते, तसा शाईचा निळा रंग नसतो, हे नंतर कळलं. एक्झोराची पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला भाचा म्हणाला, "मामी, आपली काळी माती चुनखडीची. तिच्यातलं लोह या झाडाला उचलताच येत नाही." हायड्रेंजियाला मुळं असती तरी इथं ते निळं झालं नसतं. तो रंग आम्लधर्मी मातीत येतो, आपल्याकडं गुलाबीच. आणि तेही आपला उन्हाळा सोसला तर. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रोज पाणी मागणारं झुडूप मी 350 रुपयांना घेत होते!

आता रोप घेताना फुलाकडं बघतच नाही. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावतात का ते बघते. बुंधा धरून हलकेच हलवते, गोळ्यात डगमगला तर परत ठेवते. मे महिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुंपणावर काय फुललंय, ते लक्षात ठेवते. त्या हिशोबानं तगर, पिवळा टिकोमा आणि बोगनवेल लावली. बोगनवेलीला पाणी जरा कमी पडलं की उलट जास्त फुलते. कण्हेरही टिकते, पण सगळं झाड विषारी, म्हणून नातवासाठी टाळली. निळ्याची हौस निळ्या चित्रकानं भागवली, फिकट का होईना.

गेल्या जूनमध्ये तोच टेंपो मागच्या गल्लीत दिसला. अल्बमही तोच. शेजारीण पैसे मोजत होती. मी काही न बोलता तिच्या हातातलं रोप बुंध्याला धरून उचललं. पिशवी खाली राहिली.