वर्डमधलं पटकथेचं ॲड-ऑन, मराठीत लिहिताना : वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी वर्डमध्ये बसणारं पटकथेचं एक ॲड-ऑन रोज वापरतेय. मालिकेचे एपिसोड आणि मधूनमधून एका सिनेमाचा खर्डा, दोन्ही त्यातच चाललंय. नाव मुद्दाम देत नाही. या जातीची बहुतेक ॲड-ऑन्स आतून सारखीच असतात : एक टेम्प्लेट, थोड्याफार स्टाइल्स (फॉन्ट-मांडणीचे ठरवून ठेवलेले साचे) आणि त्यांना हलवणारे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा. इंग्रजी किंवा रोमन लिपीतल्या हिंदीसाठी ते उघडल्याउघडल्या चालतं. देवनागरीसाठी आधी त्याचे कान पिळावे लागतात.

मग सरळ पटकथेचं वेगळं सॉफ्टवेअर का नाही घेतलं? कारण अंधेरी-गोरेगावच्या ज्या युनिट्सबरोबर मी काम करते तिथे फिरते ती वर्डचीच फाइल. ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, त्यात कॉमेंट टाकतात, चॅनलचे बदल ट्रॅक चेंजेसमध्ये येतात, असिस्टंट त्यावरूनच ब्रेकडाउन (कुठल्या सीनला कोण आणि काय लागणार त्याची यादी) काढतो. दुसऱ्या कुठल्या फॉरमॅटमधलं पाठवलं की ‘मॅडम, उघडत नाहीये’ हा फोन ठरलेला.

बसवताना एकच अडचण येते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ सालापासून ऑफिस आपणहून अडवतं. टेम्प्लेटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक केली की झालं. अर्थात फाइल खात्रीच्या ठिकाणची असेल तरच.

खरा घोळ फॉन्टचा. पटकथेचा शिरस्ता म्हणजे कुरिअर, १२ पॉइंट. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच, त्यामुळे वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं. स्टाइलमध्ये जाऊन फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, कारण वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आहे आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा सगळं त्याच खिडकीत पण वेगळ्या रकान्यात असतं. ॲड-ऑनने तो रकाना कोराच सोडलेला. मी प्रत्येक स्टाइलमध्ये तिथे ‘मुक्ता’ भरला. आपल्या मुंबईच्याच एक टाइपने केलेला फॉन्ट, फुकट मिळतो, आणि जोडाक्षरं छापल्यावरही स्वच्छ दिसतात. मग दिसलं की ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली १२ पॉइंट’वर घट्ट बांधलेलं आहे. इंग्रजीला ते पुरतं. मराठीत ‘कीर्ती’चा रफार आणि वेलांट्या वरून छाटल्या गेल्या. अंतर १८ केल्यावर डोकी परत आली.

पण १८ पॉइंटची किंमत मोजावी लागते. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशोब कुरिअरच्या इंचाला सहा ओळींवर उभा आहे. एक इंच समास सोडून ए-फोर पानावर तशा ५८ ओळी बसतात, माझ्या ३८. उलट आडव्या ओळीत मराठी जास्त मावते, कारण मात्रा-वेलांट्यांना स्वतंत्र जागा लागत नाही. तूट थोडी भरून निघते, सगळी नाही. म्हणून ॲड-ऑन तळाशी जो ‘अंदाजे कालावधी’ दाखवतं तो मी बंदच करून टाकलाय. संवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावते. मालिकेत तसंही तेच करावं लागतं, आमच्या नटांचे पॉज कुठलं सॉफ्टवेअर मोजणार?

दुसरी गोष्ट, ‘ऑटो-डिटेक्ट’. ओळ कॅपिटलमध्ये असली की ते पात्राचं नाव समजतं. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायचं? ते बंद केलं, आणि सीन, ॲक्शन, पात्र, संवाद यांना शॉर्टकट दिले. पात्राच्या नावानंतर एंटर मारला की संवादाची स्टाइल आपोआप येते, तेवढं मात्र बिनबोभाट चालतं. दोन दिवसांत हाताला वळण पडतं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सहन करते ते : सीनच्या शीर्षकांना हेडिंगची पातळी दिलेली आहे. त्यामुळे डावीकडच्या नेव्हिगेशन पेनमध्ये अख्ख्या एपिसोडचे सीन एकाखाली एक दिसतात आणि ‘दिवाणखाना – रात्र’ उचलून ‘पोलीस स्टेशन – दिवस’च्या वर टाकला की आतले संवाद, कंसातल्या सूचना सगळं बरोबर जातं. नंबरही आपोआप बदलतात. रात्री अकराला कथेचा ट्रॅक बदलल्याचा निरोप आला की याची किंमत कळते. फक्त शूटिंग सुरू झाल्यावर नंबर आपोआप बदलता कामा नयेत, नाहीतर सेटवर कंटिन्युइटीचा विचका. तेव्हा नंबरांचा साधा मजकूर करून टाकायचा आणि नवा सीन ‘१४अ’ असा हाताने घालायचा.

पात्रांची यादी काढायची सोयही चांगली आहे, पण एक गंमत. आमच्या यादीत ‘ॲडव्होकेट साने’ दोनदा यायचे, दोघांचे सीन वेगवेगळे. डोळ्यांना फरक काही दिसेना. एका कीबोर्डवरून ‘ॲ’ हे एकच अक्षर पडत होतं, सहलेखिकेच्या फोनवरून ‘अ’ आणि वर वेगळा चंद्र. यंत्राला ती दोन माणसं. फाइंड-रिप्लेसने एक साने काढून टाकले. आता यादी काढण्याआधी ते न चुकता करते.

फाइल बाहेर देताना सेव्हच्या पर्यायांत ‘एम्बेड फॉन्ट्स’ चालू ठेवा, नाहीतर समोरच्याकडे ‘मुक्ता’ नसला की पानं सरकतात. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणीला आणि स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला मी पीडीएफच देते.

ॲड-ऑन बनवणाऱ्यांना कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्याबद्दल ईमेल केला होता, ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर आलं. तरी वर्गणी पुन्हा भरणार आहे. ज्यांना फक्त स्वतःपुरतं लिहून पीडीएफ पाठवायची असते, त्यांनी पैसे घालू नयेत; चार-पाच स्टाइल्सचं टेम्प्लेट एका संध्याकाळी घरी बनतं. जे रोज युनिटबरोबर फाइलची देवाणघेवाण करतात आणि सीन सारखे वरखाली करतात, त्यांनी ट्रायल उतरवून आधी ‘कीर्ती’ टाइप करून बघावं.