घाटावरची गाडी आणि साक्षीदार झालेला डीलर

कोकणात जुनी गाडी विकताना एक वाक्य हमखास चालतं: “घाटावरची आहे, खारं वारं लागलेलं नाही.” किनाऱ्यावर फिरलेल्या गाडीचा पत्रा दारांच्या खालच्या कडेला लवकर सडतो हे इथे सगळ्यांना ठाऊक, म्हणून एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची पाटी दिसली की गिऱ्हाईक अर्धं तयार होतं. एप्रिल २०२४ मध्ये रत्नागिरीजवळच्या हायवेलगत एका डीलरने माझ्या भावोजींना अशीच २०१७ ची डिझेल हॅचबॅक चार लाख दहा हजारांना दिली. पत्रा खरोखरच कोरा होता. गंज आत होता.

जून लागला आणि गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. डावीकडची काच मनाला येईल तेव्हा खाली जायची. एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास. डीलरचं उत्तर तयार होतं: “कोकणातल्या पावसात सगळ्याच गाड्यांना वास येतो हो.” शेवटी हातखंब्याच्या गॅरेजवाल्याने ड्रायव्हरची सीट काढून खालचं कार्पेट उचललं. सीटच्या रुळांवर गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवट क्षार, आणि दाराच्या पट्टीखाली वाळलेला बारीक गाळ. काळा गाळ. “दादा, ही माती आपल्याकडची नाय,” एवढंच तो बोलला.

आपली जांभ्याची माती तांबडी. काळी म्हटली की घाट चढून जावं लागतं. जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरातही पूर होता, पण आपल्या डोक्यात तो महिना म्हणजे चिपळूण: २२ जुलै, वाशिष्ठी, पाण्याखालचं एसटी स्टँड. त्यामुळे चिपळूणची गाडी आली की दहा प्रश्न विचारले जातात आणि कोल्हापूरची आली की खाऱ्या वाऱ्याचं कौतुक. डीलरला हे पक्कं माहीत असतं.

पुरावा तर गाडीसोबत आलेल्या फाइलमध्येच होता. मालक पहिलाच, गाडी सात वर्षांची, विमा कधी तुटलेला नाही. मग फेब्रुवारी २०२४ च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के हवा होता. तिथे २५ होता. क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो, मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत पन्नासवर जातो. पंचविसावरून मागे मोजत गेलं की शून्य येतो २०२२ च्या नूतनीकरणाला, म्हणजे क्लेम त्याआधीच्या वर्षातला, आणि पुराचा तो जुलै त्याच वर्षात येतो. अपघातानेही क्लेम होतो, मान्य. पण विचारायला तर हवंच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्याची रेघ आतल्या भागात राहते. आमच्या गाडीचे बेल्ट मात्र स्वच्छ होते, कारण ते बदललेले होते. बेल्टच्या खालच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, आणि ती गाडीच्या वयाशी जुळत नव्हती.

आता खरी गोष्ट. गाडी घेऊन आम्ही परत डीलरकडे गेलो. चहा आला. “ठेवून जा, करून देतो,” म्हणाला. गाडी दुरुस्तीला घेतल्याची नोंद म्हणून जॉबकार्ड मागितलं तर हसला. गाडी त्याच्याकडे पडून राहिली, फोन उचलणं कमी झालं. मग प्रस्ताव आला की साठ हजार वर टाका आणि दुसरी गाडी न्या. ते नाकारल्यावर त्याने करारनामा काढून समोर ठेवला. विकणारा: कोल्हापूरचा मालक. घेणारे: भावोजी. “आहे त्या स्थितीत पाहून, चालवून, समाधान झाल्यावर.” आणि ज्याने टेस्ट ड्राइव्ह दिली, भाव ठरवला, पैसे घेतले, तो डीलर कुठे? खाली, साक्षीदार क्रमांक एक. “मी फक्त गाठ घालून दिली. परत करायची तर त्यांना करा.”

इंजिनाचा आवाज ऐकायला सगळेच मेकॅनिक घेऊन जातात, पण पावती कोणाच्या नावाची हे बघायला कोणी जात नाही. डीलरने स्वतःच्या फर्मचं बिल दिलं नाही, तर बिघाड निघाल्यावर तो मधला माणूस होऊन बसतो. वास्तविक केंद्राच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर गेली की तोच मालक मानला जातो. दुकानात शिरल्यावर आधी ते प्रमाणपत्र मागा. “सगळं आहे” म्हणून जो विषय बदलतो, त्याच्याकडे काही नसतं.

त्याचा शेवटचा डाव सर्वांत वाईट होता. “आरसी द्या, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवा, गिऱ्हाईक आलं की पैसे देतो.” हे मालकी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, आणि ते कोरे. भावोजी थकले होते, पेन हातात घेतलंही होतं. ताईने फॉर्म ओढून घेतले. गाडी कोणाच्याही हाती गेली तरी आरटीओच्या नोंदीत नाव भावोजींचंच राहिलं असतं. उद्या कोणाला धडक बसली तर भरपाईसाठी नोंदणीतला मालकच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्याच दिवशी गाडी उचलून आणली. आता ती अंगणात उभी आहे आणि मुद्दाम चालवत नाही, कारण रोज वापरली तर “गाडी ठीकच आहे” म्हणायला त्याला वाव मिळतो. मीटरचा फोटो काढून ठेवलाय. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून पाणी शिरल्याचा लेखी अहवाल घेतला. डीलर आणि मूळ मालक, दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. एकालाच पाठवली तर दुसऱ्याकडे बोट दाखवलं जातं. त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला काय करावं सुचत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आमची सगळी मदार बँकेच्या एका नोंदीवर आहे: दोन लाख साठ हजार डीलरच्या फर्मच्या खात्यात आरटीजीएसने गेलेत, आणि साक्षीदाराला कोणी अडीच-पावणेतीन लाख देत नाही. उरलेले दीड लाख त्याने “ट्रान्सफरचा खर्च वाचेल” म्हणून रोख मागून घेतले होते. त्यांची पावती नाही. तक्रारीत तो आकडा लिहिलाय, पण वकिलांनी आधीच सांगून ठेवलंय की ते धरून चालू नका.