आमच्या जिल्हा कोर्टातल्या मोफत वकिलाच्या सेवेचा अनुभव (लोकअभिरक्षक कार्यालय)

सरकारी फुकट वकील म्हणजे नुसता नावापुरता उभा राहणार असं मलाही वाटायचं, म्हणून मुद्दाम लिहितेय, कोणाच्या तरी घरी अशी रात्र येईल तेव्हा उपयोगी पडेल.

माझा धाकटा भाऊ मोबाईलच्या दुकानात कामाला. माल कमी भरला म्हणून मालकाने चोरीची तक्रार दिली आणि गुरुवारी संध्याकाळी सहा दहाला दोन पोलीस येऊन त्याला दुकानातून घेऊन गेले. ना नोटीस ना कागद, आम्हाला फोनसुद्धा नाही. आई डबा घेऊन गेली तर "चौकशी आहे, सकाळी सोडू" एवढंच, डबा आत गेला पण आईला भेटू दिलं नाही. रात्री अकराला शेजारच्या काकांनी सांगितलं १५१०० ला (मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाईन) फोन लाव, लावला, आणि त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दिला.

सकाळी दहाला तिथे पोचले. मी उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड सगळं घेऊन गेले होते, तर तिथल्या लोकअभिरक्षक कार्यालयातले वकील सर म्हणाले, "ताई, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नसते, ते राहू द्या, आधी मला सांगा त्याला नेलं किती वाजता?" मी म्हटलं काल संध्याकाळी. तर म्हणे "काल नाही, मिनिटं सांगा, आणि दुकानात कॅमेरा आहे का?"

हा प्रश्न का विचारला ते दुपारी कळलं. अटकेच्या फॉर्मवर वेळ होती शुक्रवार सकाळी ११.४५, म्हणजे रात्रभर भाऊ पोलीस स्टेशनच्या बाकावर बसला होता ते कागदावर कुठेच नाही! २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं असतं (प्रवासाचा वेळ सोडून) हे मला माहीत होतं पण ते २४ तास नेमके कधीपासून मोजायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. सर म्हणाले, माणूस उठून घरी जाऊ शकत नाही तिथून घड्याळ सुरू, फॉर्म कधीही भरा. ते स्वतः पोलीस स्टेशनला गेले, भावाला भेटले, तपास अधिकाऱ्यांशी शांतपणे बोलले, समोरच्या दुकानाचं फुटेज असल्याचं सांगितलं, आणि शनिवारी हजर करणार होते ते शुक्रवारी पाच वाजता केलं.

कोर्टात पोलिसांनी तीन दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला. सरांचं म्हणणं सरळ होतं. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तरी शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करता येते म्हणून करायचीच असं नाही, अटक का लागली ते पोलिसांनी लिहून द्यायचं, नाहीतर हजर राहायची नोटीस द्यायची. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे, आधी सीआरपीसीत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत) ४१ आणि ४१अ होतं, आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालातच मॅजिस्ट्रेटनेही डोळे झाकून कोठडी देऊ नये असं बजावलंय.

अटकेच्या कारणांचा कागद मी स्वतः हातात घेऊन वाचला, एकच ओळ, "तपासकामी अटक आवश्यक". सर म्हणाले ही ओळ कुणाच्याही नावापुढे चालेल, याने काय केलं असा आरोप आहे ते कुठेय? वरळीत गाडीने धडक दिल्याच्या केसमध्ये नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची, अगदीच लगेच जमलं नाही तर रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात हजर करण्याच्या, निदान दोन तास आधी तरी.

मॅडम मॅजिस्ट्रेटनी भावाला विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? मारहाण झाली नव्हती, तो तसंच म्हणाला, पण "काल संध्याकाळपासून तिथेच आहे" हेही म्हणाला आणि मॅडमनी ते लिहून घेतलं. तेव्हा माझ्या आईला रडू आलं. पीसीआर नामंजूर, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, जामिनाचा अर्ज तयारच होता, दुसऱ्या दिवशी दुपारी १५ हजारांवर जामीन. केस चालू आहे, त्याने चोरी केलेली नाही हे मला माहीत आहे, ते कोर्टात सिद्ध होईलच.

खर्च म्हणाल तर झेरॉक्स आणि रिक्षा. कोर्टाच्या गेटवर एकाने नुसत्या रिमांडचे चाळीस हजार सांगितले होते.

कमी काय पडलं तेही सांगते. ऑफिस मागच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर, खाली पाटी नाही, मी वीस मिनिटं शोधत फिरले आणि त्या दिवशी वीस मिनिटं फार होती. पुढच्या तारखेला दुसऱ्या वकील मॅडम आल्या, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, फाईल मात्र त्यांनी वाचलेली होती.

पाचपैकी साडेचार. जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: किती वाजता नेलं, कुठून नेलं, आणि कोणी पाहिलं.