तरुण मतदारांसाठीची मोहीम आणि तिचे ॲप: खानदेशातून केलेले परीक्षण

निवडणूक आयोगाचा ‘स्वीप’ हा मतदार जागृतीचा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून साजरा होतो आणि २०१८ पासून शाळा-महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळे स्थापन झाली आहेत. या सगळ्याच्या जोडीला व्होटर हेल्पलाइन हे ॲप (आता ‘ईसीआयनेट’मध्ये सामावलेले), नोंदणीचे संकेतस्थळ आणि १९५० हा मदत क्रमांक आहे. करदात्यांच्या पैशावर चालणारी ही एक सेवा आहे आणि तिचा मुख्य ग्राहक अठरा ते एकोणतीस वयाचा तरुण आहे. म्हणून एखाद्या बँकेच्या किंवा एसटीच्या सेवेचे करावे तसेच तिचेही परीक्षण व्हायला हरकत नाही. माझ्या मते ॲपला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत आणि मोहिमेला दोन. हे परीक्षण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जे पाहिले त्यावर बेतलेले आहे.

ॲपबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याचे काम मर्यादित आहे आणि ते काम ते बऱ्यापैकी करते. नवीन नावासाठी फॉर्म ६, नाव वगळण्यासाठी ७ आणि पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी ८ हे तिन्ही अर्ज त्यातून भरता येतात, अर्ज कुठवर पोहोचला ते दिसते, यादीत नाव शोधता येते आणि २०२१ पासून मतदार ओळखपत्राची डिजिटल प्रतही उतरवून घेता येते. २०२२ मध्ये दोन चांगले बदल झाले. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेली हवीत ती तारीख, होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. दुसरा बदल असा की एका मतदारसंघातून दुसऱ्या मतदारसंघात नाव हलवण्यासाठी आता फॉर्म ८ पुरतो. साडेतीनच्या वर गुण न देण्याचे कारण एवढेच की अर्ज पडद्यावर भरला तरी पडताळणी शेवटी बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, पायांवर अवलंबून आहे. ही बीएलओ बहुधा अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात, आणि तिच्या किंवा त्याच्या वाट्याला इतर कामेही भरपूर असतात.

मोहिमेचे मात्र तसे नाही. खानदेशातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भरलेला मतदार जागृतीचा कार्यक्रम मी पाहिला आहे. सामुदायिक शपथ झाली, रांगोळी स्पर्धा झाली, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांचे पथनाट्य झाले आणि सेल्फी पॉइंटवर गर्दी झाली. फॉर्म ६ चे टेबल जिन्याखाली होते आणि तिथे बसलेल्या माणसाकडे वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रश्न साधा होता: नाव गावाकडे नोंदवायचे की इथे? वास्तविक नियम स्पष्ट आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्हींपैकी एक ठिकाण निवडता येते आणि शिक्षणाच्या गावी नाव हवे असेल तर संस्थाप्रमुखाचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला देणारे प्राचार्य व्यासपीठावरच बसले होते. कार्यक्रमाचा अहवाल छायाचित्रांसह वर गेला असेल, आणि त्यात कार्यक्रम यशस्वी झाल्याचेच लिहिलेले असेल याबद्दल मला शंका नाही.

यातून मोहिमेचे मूळ गृहीतक दिसते. तरुण उदासीन आहे, त्याला जागे करायचे आहे, असे ती धरून चालते. २०२३ मध्ये सचिन तेंडुलकरला आयोगाने राष्ट्रीय आयकॉन नेमले तेही याच समजुतीतून. पण २०२४ च्या लोकसभेसाठी अठरा-एकोणीस वयोगटातील १ कोटी ८४ लाख नावे यादीत होती आणि लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहिले तर पात्र मुलांपैकी चाळीस टक्केसुद्धा नोंदले गेले नव्हते. ज्याचे नाव यादीतच नाही त्याच्यापुढे घोषणा देण्यात अर्थ नाही. आणि उदासीनतेचे म्हणाल तर आमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकेका मतासाठी सुरतेपर्यंत फोन जातात, आणि पोरे रात्रीच्या गाडीने उतरून सकाळी रांगेत उभी राहतात. हीच पोरे लोकसभेला का येत नाहीत, याचा शोध मोहिमेने घेतलेला दिसत नाही.

सुरतेचा उल्लेख आला म्हणून तिथेच थोडे थांबतो, कारण खानदेशापुरते बोलायचे तर निम्मे उत्तर तिथेच आहे. तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार इथून निघालेला तरुण सुरतेच्या उधना-लिंबायत भागात स्थिरावतो, कापड गिरणीत किंवा यंत्रमागावर लागतो, आणि त्याचे नाव मात्र गावच्या यादीत राहते. २०२४ च्या लोकसभेला गुजरातमध्ये ७ मे रोजी मतदान झाले, जळगाव, रावेर आणि नंदुरबारमध्ये १३ मे रोजी आणि धुळ्यात २० मे रोजी. म्हणजे कारखान्याला सुट्टी मिळाली ती ज्या दिवशी त्याला मत नव्हते त्या दिवशी. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देते आणि बाहेरगावी काम करणाऱ्या मतदारालाही ती लागू असल्याचे आयोगाने सांगितलेले आहे, पण नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाने ते कलम मुकादमाला कसे दाखवायचे? त्याला सुट्टीसोबत येण्याजाण्याचे भाडेही लागते. ज्यांनी नाव तिकडे हलवले त्यांचीही गंमतच आहे: सुरत मतदारसंघात त्या वर्षी निवडणूक बिनविरोध झाली आणि मतदानच झाले नाही. उधना आणि लिंबायत हे भाग नवसारी मतदारसंघात मोडतात, म्हणून तिथल्या खानदेशी मतदारांचे मत वाचले.

याच वर्षी एक संधी आयती चालून आली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी, शुक्रवारी होती. खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी येतात, सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचे, साल बदलते, आणि बाहेर गेलेला माणूस दिवाळीइतक्याच ओढीने घरी येतो. तीन मतदारसंघांत मतदान लगेच सोमवारी होते. ‘आखाजीले येशात ते मत टाकीसन जा’ एवढे एक वाक्य अहिराणीत उधना स्थानकावर लावले असते, तर शपथेच्या दहा कार्यक्रमांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला असता. माझ्या पाहण्यात आलेल्या फलकांवर तेच प्रमाण मराठीतले ‘लोकशाहीचा उत्सव’ होते. नोव्हेंबरमधील विधानसभेच्या वेळी उलट झाले. भाऊबीज ३ तारखेला झाली, मतदान २० तारखेला होते, आणि मधल्या काळात घरी आलेली माणसे परत कामावर गेली. माहेरवाशिणींचा प्रश्न याहून वेगळा आहे. लग्नानंतर नाव माहेरच्या यादीत राहिलेल्या मुली पुष्कळ आहेत, आणि फॉर्म ८ नेमका त्यांच्यासाठी आहे, हे सांगणारा एकही फलक मला आठवत नाही.

नंदुरबारचे उदाहरण इथे नोंदवायला हवे. नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यातून मतदान पथके बोटीने जातात ते मणिबेली याच जिल्ह्यात आहे. २०२४ च्या चौथ्या टप्प्यात राज्यातील अकरा मतदारसंघांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे सत्तर टक्के मतदान नंदुरबारमध्ये झाले, तर महाविद्यालये, क्लासेस आणि सेल्फी पॉइंट यांची रेलचेल असलेल्या जळगावचा आकडा साठच्या आत राहिला. यामागे अनेक कारणे असतील आणि मी त्यावरून सिद्धांत मांडणार नाही, पण जागृतीच्या कार्यक्रमांची संख्या आणि मतदान यांचा संबंध आहे असे म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मोहिमेचा आणखी एक दोष असा की ती मत द्यायला सांगते, पण मत देण्याचा सराव कुठे करायचा ते सांगत नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, २०१९ मध्ये त्या होणार होत्या आणि विधानसभेचे कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. जळगाव आणि धुळे महापालिकांची २०१८ मध्ये निवडून आलेली सभागृहे २०२३ मध्ये मुदत संपून गेली आणि नंतर दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार चालला. म्हणजे २०१९ मध्ये अठरा वर्षांचा झालेला धुळ्याचा मुलगा चोवीस वर्षांचा होईपर्यंत स्वतःच्या गल्लीच्या गटाराविषयी कोणालाही मतपेटीतून जाब विचारू शकला नाही. त्याला दर २५ जानेवारीला शपथ मात्र देण्यात आली. पुढे २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका लागल्या तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने १ जुलैची यादी धरली, त्यामुळे त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्यांना चार अर्हता तारखांचा काहीच उपयोग झाला नाही.

उमेदवारांच्या माहितीबाबतही मोहीम अकारण संकोच करते. निःपक्षपाती राहणे समजण्यासारखे आहे. परंतु उमेदवारांची शपथपत्रे आयोग स्वतःच प्रसिद्ध करतो, त्यांत मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती असते, आणि ती कशी वाचायची हे महाविद्यालयात शिकवण्याने कोणाचाही पक्षपात होत नाही. सध्या ती स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात मिळतात आणि मोबाइलवर वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा पाहतात.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी मोहिमेची वाट पाहू नये. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घेतले जात नाही, आणि छाननीला वेळ लागत असल्याने अर्ज त्याच्या किमान दहा दिवस आधी गेलेला बरा. बाहेरगावी असाल तर गाव की कामाचे ठिकाण हे आधी ठरवा, कारण दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि बीएलओचा फोन नंबर ॲपमधून काढून त्यांना एकदा स्वतः फोन करा.