पिट्सबर्ग : कार्डासोबत भिंगही हातात देणारं दुकान

जुनी बेसबॉल कार्डं जमवायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी याच दुकानात पाठवते. जागा लहान, दिवे जेमतेम, बसायला एकच स्टूल. पण इथे कार्ड मागितलं की मालक ते प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढतात, काउंटरवर ठेवतात आणि शेजारी भिंग ठेवून बाजूला होतात. घाई करत नाहीत. महागडं काही विकायचं असताना गिऱ्हाइकाला एवढं जवळून बघू देणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही.

माझ्या वडिलांचा सांगलीत छापखाना होता, त्यामुळे छापील काहीही हातात आलं की माझं लक्ष आधी शाईकडे जातं. टी२०६ ही १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली कार्डं. रंगीत शिळाछपाई, रंगांचे थर एकावर एक. त्याच सुमारास आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधून लक्ष्मी-सरस्वती याच तंत्राने छापून घरोघरी जात होत्या. खऱ्या कार्डावर खेळाडूचं नाव भिंगाखाली सलग तपकिरी शाईत दिसतं. नंतरच्या नकलेत तीच अक्षरं बारीक ठिपक्यांची होतात. दुकानात जांभळ्या प्रकाशाची बॅटरीही आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ते बऱ्याच नंतर, त्यामुळे १९१०चं म्हणून दाखवलेलं कार्ड या प्रकाशात निळसर उजळलं तर तिथेच हात जोडावेत. मी इथून घेतलेलं टी२०६ एका फारशा कुणाला न आठवणाऱ्या पिचरचं आहे. कोपरे गोल झालेले, मधून एक घडी, किंमत सत्तर डॉलर. घडी कुठून कुठे जाते ते मालकांनी स्वतः दाखवलं, मी विचारायच्या आधी.

भिंतीवर होनस वॅग्नरचं टी२०६ कार्ड लावलंय आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘नक्कल’ असं लिहिलंय, हे मला फार आवडलं. वॅग्नर इथलाच, पिट्सबर्गच्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा खेळाडू. त्याची खरी टी२०६ कार्डं जगात साठेक असतील. त्यातलं सगळ्यात गाजलेलं, एकेकाळी आइस हॉकीवाल्या वेन ग्रेट्झकीच्या मालकीचं, तपासणी कंपनीने दहापैकी आठ गुण देऊन सीलबंद डबीत घातलेलं कार्ड कडेने कापलेलं होतं. ज्याने ते कापलं त्या लिलाववाल्या बिल मास्ट्रोनेच २०१३ मध्ये कोर्टात तशी कबुली दिली. म्हणून सीलबंद डबीवरच्या आकड्याला भुलून पैसे मोजणं मला पटत नाही. घडी पडलेलं, पण न कापलेलं, न रंगवलेलं कार्ड कधीही घ्यावं.

रंगवण्यावरून आठवलं. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९७१च्या कार्डांना काळी किनार आहे. ती जरा घासली की खालचा पांढरा कागद दिसतो, आणि लबाड लोक तिथे काळं मार्कर फिरवतात. इथे मालक कार्ड दिव्याखाली तिरकं धरतात. मार्करची चमक छापील शाईपेक्षा वेगळी, लगेच कळते.

सह्यांच्या बाबतीत तर हे दुकान सोडून मी कुठेच जात नाही. टॉप्सच्या बऱ्याच वर्षांच्या कार्डांवर, उदाहरणार्थ १९५५, १९५९, १९७१, खेळाडूची सही छापलेलीच असते. नवखा माणूस तीच खरी समजून पैसे देऊन बसतो. बॉलपेनची सही कागदात किंचित रुतते, तिरक्या उजेडात तिचा चर दिसतो. माझ्याकडचं पायरेट्सच्या बिल मॅझेरोस्कीचं १९७१चं कार्ड असंच निवडलं: छापील सही काळी, तिच्यावरून त्याने निळ्या पेनाने केलेली सही. १३ ऑक्टोबर १९६०ला नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून पायरेट्सला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकून देणारा हाच. त्याने आयुष्यभर भरपूर सह्या दिल्या, म्हणून त्याची सही अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. त्याच संघातल्या रॉबर्टो क्लेमेंटेचं तसं नाही. ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला, अवघा ३८ वर्षांचा. त्याच्या सह्यांना मागणी अफाट, म्हणून खोट्याही अफाट. मालक त्या तपासणीच्या दाखल्याशिवाय विकायला ठेवतच नाहीत.

तक्रारी आहेत. डॉलर-डॉलरच्या खोक्यांत १९६८ आणि १९८८ची कार्डं शेजारी शेजारी कोंबलेली असतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कार्डं पोत्याने छापली गेली, त्या ढिगातून जुनं शोधताना मान धरते. ती वेगळी करायलाच हवीत. डब्यांमधल्या कार्डांचे भाव लिलावाच्या बरोबरीने लावलेत, त्या कपाटाकडे मी बघत नाही. शनिवारी नव्या कार्डांची पाकिटं फोडणाऱ्या पोरांची झुंबड असते आणि स्टूलही मिळत नाही, तेव्हा मधल्या वारी दुपारी जा. दोनशे डॉलरच्या पुढची खरेदी असेल तर कार्ड एक दिवस बाजूला ठेवतात, त्यासाठी आगाऊ रक्कम मागत नाहीत.