गॅस संपलाच नव्हता: ऐरोलीतल्या एका एसी दुरुस्तीवाल्या काकांचा अनुभव

दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर 'फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्ती' एवढंच लिहिलंय. ऐरोलीत दिवागावाच्या बाजूला एका गल्लीत जेमतेम दहा बाय बाराचा गाळा आहे, बाहेर दोन उघडी वॉशिंग मशीन्स आणि एक गंजलेलं आउटडोअर युनिट कायम पडलेलं. मी याआधी शंभर वेळा तिथून गेले असेन, कधी लक्षही गेलं नव्हतं. यंदा एप्रिल-मेमध्ये मात्र तीनदा पायरी चढले, म्हणून हे सविस्तर लिहितेय. विशेषतः ज्यांच्या घरी हॉट अँड कोल्ड एसी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमचा एसी दीड टनाचा, २०१६ साली गुडगावला घेतलेला. मिस्टरांची तिकडे बदली होती आणि तिकडच्या थंडीत गरम हवा लागायचीच, म्हणून हॉट अँड कोल्ड घेतला. साधाच आहे, इन्व्हर्टर नाही. इकडे परत आलो तेव्हा तोही सामानाबरोबर आला. ऐरोलीत गरम हवा कुणाला हवी? इथे आल्यापासून तो फक्त थंडच चालला, आणि चांगला चालला.

मार्चमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके ओले होऊ द्यायचे नाहीत, घाम येऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमका एप्रिल लागल्यावर एसी हवा फेकायला लागला, पण थंड नाही. २४ वर लावलेला, सकाळपासून सुरू, आणि दुपारी दोन वाजता खोलीत ३१ डिग्री. खाडीकडून येणारा तो चिकट दमटपणा ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. सासूबाई तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत. पण मी ऑफिसातून आले की त्यांच्या मानेखालची उशी ओली असायची, आणि ते बघून मला रडू यायचं.

पहिला माणूस ॲपवरून बोलावला. आला, इनडोअरसमोर हात धरला, म्हणाला, "मॅडम, गॅस कम है." गेजच्या काट्याकडे बघण्याआधीच निदान झालेलं होतं. वॉटर जेटने कॉइल धुतलं, पाइप जोडला, गॅस भरला आणि ३,२०० रुपये घेतले. धुतल्यामुळे असेल, चार दिवस थोडा फरक वाटला. बाराव्या दिवशी पुन्हा तेच. फोन केला तर म्हणे गॅस परत गेला असेल, पुन्हा भरावा लागेल.

दुसरा माणूस ओळखीतून आला. त्याने निदान मोजमाप तरी केलं. गेज लावला, प्रेशर बघितलं, कॉम्प्रेसरच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला आणि सांगितलं, कॉम्प्रेसर बसलाय. नवीन टाकायचे १४,५०० रुपये. भेटीचे ३५० दिले आणि विचार करून सांगते म्हणाले. नऊ-दहा वर्षं जुन्या मशीनवर एवढा खर्च करायचा की नवीन घ्यायचा, यावर घरात दोन रात्री चर्चा झाली.

काकांकडे पाठवलं ते आमच्या सोसायटीच्या वॉचमनने. "तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं काम केलंय त्यांनी, एकदा दाखवा," म्हणाला. साठीच्या आसपासचे आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. दुकानात गेले तर त्यांनी आधी एसीबद्दल विचारलंच नाही. "घरात कोण असतं दिवसभर?" हा पहिला प्रश्न. मी सासूबाईंचं सांगितलं. "उद्या सकाळी आठला येतो, ताई. आजींना आंघोळ-बिंघोळ उरकून दुसऱ्या खोलीत बसवा, तिथं पंखा लावा."

आठचे साडेनऊ झाले, हेही सांगायला हवं. पण आल्यावर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पिशवीतून दोन छोटे थर्मामीटर काढले. एक इनडोअरच्या वर, जिथून खोलीची हवा आत जाते तिथे ठेवला, दुसरा खाली झडपेच्या तोंडाशी. पंधरा मिनिटं एसी चालू दिला आणि तोवर शांतपणे फिल्टर बघितला. वर ३१, खाली २६. "पाचच डिग्रीचा फरक. दहाच्या आसपास तरी पाहिजे," म्हणाले, आणि माझ्याकडून कागद मागून ते आकडे लिहून ठेवले. मी महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते. आकडा लिहून ठेवणाऱ्या माणसावर माझा लगेच विश्वास बसतो.

आमचं आउटडोअर पाचव्या मजल्यावर डक्टच्या बाजूला लोखंडी स्टँडवर आहे. आधीचे दोघं खिडकीच्या ग्रिलला एका हाताने धरून बाहेर लटकले होते. काकांनी पट्टा बांधला, हुक अडकवला, दोनदा ओढून बघितला आणि मग पाय बाहेर टाकला. मदतनीस पोराला त्यांनी पट्ट्याशिवाय बाहेर येऊच दिलं नाही. हे एवढ्यासाठीच लिहितेय की आपण कधी विचारत नाही.

पितळी नटांवरून त्यांनी पांढरं फडकं फिरवलं आणि मला दाखवलं. स्वच्छ. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस गळतो तिथे बहुतेक वेळा तेलकट डाग पडतो. तो नव्हता. "ताई, गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद नळीत तोच तो फिरतो. कमी झाला असेल तर गळती दाखवा, मग भरा." मग गेज लावला. जाड पाइपवर दाब १७० पीएसआय दाखवत होता, आमच्या गॅसला म्हणजे आर-४१०ए ला १२०-१३० च्या जवळपास अपेक्षित होता. कॉम्प्रेसर ओढत होता साडेचार अँपिअर, युनिटच्या प्लेटवर छापलेले साडेसात. प्रेशर जास्त, करंट कमी. मी म्हटलं, म्हणजे कॉम्प्रेसरच ना? म्हणाले, "आधीच्या माणसाची चूक नाही. हुबेहूब तसंच दिसतं. पण तुमचा हॉट अँड कोल्ड आहे. याच्या पोटात अजून एक गोष्ट असते, ती बघितल्याशिवाय कॉम्प्रेसरला नाव ठेवायचं नाही."

ती गोष्ट म्हणजे रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, हे लोक फोर वे व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्यासारखा हॉट अँड कोल्ड एसी म्हणजे हीट पंप. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, थंडीत बाहेरची उचलून आत आणतो. गॅसची दिशा उलटवायचं काम हा व्हॉल्व्ह करतो. करंगळीपेक्षा थोडी जाड पितळी नळकांडी, एका बाजूला एक पाइप आणि दुसऱ्या बाजूला तीन. एकटा पाइप कॉम्प्रेसरमधून गरम गॅस घेऊन येतो. तिघांतला मधला गॅस परत कॉम्प्रेसरला नेतो. कडेचे दोन, एक आतल्या कॉइलचा आणि एक बाहेरच्या. आतमध्ये एक छोटी सरकपट्टी असते, ती इकडून तिकडे सरकली की दिशा बदलते.

काकांनी आतून येणाऱ्या कडेच्या पाइपला थर्मामीटरची एक वायर बांधली आणि मधल्या पाइपला दुसरी, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर. पहिल्यावर १६ डिग्री, दुसऱ्यावर ३१. मला खिडकीतून हात बाहेर काढायला लावून दोन्ही पाइप दाखवले. पहिला माठाच्या बुडासारखा गारेगार, दवबिंदू आलेले. दुसरा, नुकताच चहा पिऊन ठेवलेल्या ग्लाससारखा कोमट. "एकाच गॅसला या डबीतून जाताना एक-दोन डिग्रीचा फरक पडला तर ठीक. पंधरा कुठून आले?" म्हणजे सरकपट्टी अर्ध्यात अडकली होती. कॉम्प्रेसरने दाबून पाठवलेला गरम गॅस बाहेरच्या कॉइलकडे पूर्ण न जाता तिथल्या तिथे परतीच्या पाइपात शिरत होता. कॉम्प्रेसर बिचारा आपलाच गरम श्वास पुन्हा ओढत होता, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटत होतं की तोच मेलाय.

मग त्यांनी विचारलं, "रिमोटवर सूर्याचं चित्र कुणी दाबलं होतं का मधे?"

मी नाही म्हणाले, मिस्टर नाही म्हणाले. तेवढ्यात हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "मी दाबलं होतं." जानेवारीत एका रात्री त्यांचा गुडघा थंडीने ठणकत होता. गुडगावला शेक मिळायचा ते आठवून त्यांनी तासभर गरम हवा लावली आणि पुन्हा बंद केली. लाइट बिल वाढलं म्हणून आम्ही बोलू, या भीतीने सांगितलं नाही. त्यानंतर गारवा होता, एसी लावायची वेळच आली नाही. लावला तो थेट एप्रिलमध्ये. आधी दोन-दोन माणसं तपासून गेली आणि जी बाई दिवसभर त्या एसीखाली असते तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. आम्हीही नाही. मला फार वाईट वाटलं.

सासूबाई तर रडवेल्या झाल्या. काका आत गेले, खुर्चीसमोर खाली बसले आणि म्हणाले, "आजी, तुमच्यामुळं नाही बिघडलं. एवढी वर्षं तो हलला नव्हता. ज्यानं कुणी पहिल्यांदा हलवला असता, त्याच्याच हातून अडकला असता." या एका वाक्यासाठी मी या माणसाला जन्मभर विसरणार नाही.

पहिला प्रयत्न त्यांनी बिनखर्चाचा केला. एसी गरमवर टाकून दहा मिनिटं चालवला, मग पुन्हा थंडवर, आणि बदलाच्या त्या क्षणी व्हॉल्व्हच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके टकटक. व्हॉल्व्हवरच्या विजेच्या कॉइलचा 'टक्' आवाज येत होता. "टक् नंतर फुस्स् आलं पाहिजे," म्हणाले. विजेची कॉइल फक्त इशारा देते, पट्टी सरकते ती गॅसच्या दाबाने, आणि त्या सरकण्याचा तो आवाज. तीन वेळा नुसतं टक्. चौथ्यांदा मोठ्ठं फुस्स् आलं आणि मदतनीस पोरगा टाळ्या पिटायला लागला. अर्ध्या तासात झडपेतून १९ डिग्रीची हवा. करंट मात्र आता ८.७ वर गेला होता. ते बघून काकांनी कपाळाला आठी घातली. "गॅस जास्त वाटतोय. आणि व्हॉल्व्ह टिकेल असं मी सांगत नाही." ५०० रुपये घेतले.

नऊ दिवस टिकला. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी "मी बोललो होतो" असं एकदाही म्हटलं नाही. नवा व्हॉल्व्ह मुंबईहून मागवला. तो परवा येणार म्हणाले आणि आला पाचव्या दिवशी. ते पाच दिवस सासूबाईंना टेबल फॅनवर काढावे लागले. काम कधी होणार हे विचारायला फोन केले तर दुपारी एक ते चार फोन उचलतच नाहीत. ही माझी खरीखुरी तक्रार आहे.

आउटडोअर उतरवून दुकानात नेलं, कारण इमारतीच्या भिंतीला लागून ज्योत पेटवायची नाही असा त्यांचा नियम. गॅस हवेत न सोडता वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारपट भारी आहे, तरी बरेच जण सरळ सोडून देतात. सिलिंडर आधीपासून वजनकाट्यावर ठेवलेला होता. मला बोलावून काटा दाखवला. निघाला १,४३० ग्रॅम. मग युनिटच्या प्लेटवर बोट ठेवलं: १,१५० ग्रॅम. जवळजवळ २८० ग्रॅम जास्त. म्हणजे ३,२०० रुपये देऊन मी भरल्या माठात पाणी ओतून घेतलं होतं. एवढं स्पष्ट उत्तर मला आजवर कुठल्याच मेकॅनिककडून मिळालं नव्हतं.

नवा व्हॉल्व्ह जोडताना त्याच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळलं, कारण आतली पट्टी नायलॉनसारख्या पदार्थाची असते आणि टॉर्चच्या उष्णतेने वितळते. पाइपातून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने सांधे जोडायचं काम केलं, म्हणजे आत काळी पापडी धरत नाही. घरी पुन्हा जोडल्यावर पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला आणि गॅस काट्यावर मोजून भरला, बरोबर १,१५०. सगळे मिळून ६,४०० झाले. बिल साध्या कागदावर हाताने लिहिलेलं मिळतं, पक्कं बिल हवं असेल त्यांची इथे अडचण होईल. स्टँड पुन्हा बसवताना खिडकीखालच्या भिंतीवर काळे हात उमटलेत, तेही अजून तसेच आहेत.

आज तीन आठवडे झाले. मी रोज रात्री दोन थर्मामीटर लावून वहीत लिहिते. फरक अकराच्या खाली आलेला नाही, करंट शेवटच्या भेटीत ७.४ होता. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पहाटे दहा मिनिटं एसी गरमवर चालवायचा, म्हणजे पट्टी हलती राहील, असं काकांनी सांगितलंय. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय आणि रिमोट आता त्यांच्याच उशाशी असतो.

मे महिन्यात काकांकडे रांग असते. फोनच्या भरवशावर राहू नका, सकाळी साडेआठच्या आत दुकानावर जा आणि तुमच्या एसीच्या प्लेटचा फोटो काढून घेऊन जा, ते पहिलं तेच मागतात.